बाकावरची खूण

चौघांनी मला खांद्यावर घेतलं होतं आणि त्यातले दोघे नाचत होते. उरलेल्या दोघांपैकी एक आमच्या तालमीचे सेक्रेटरी शंकरअण्णा सूर्यवंशी. हलगी कडाडत होती, पोरं शिट्ट्या मारत होती आणि चौकातल्या बायका गॅलरीत येऊन, आपल्या पेठेला एवढं काय झालं, म्हणून बघत होत्या.

“अण्णा, खाली सोडा,” मी वरून ओरडलो.

“गप ए वाघा! आज तुझा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही!”

पाय लागलाच नाही. हात लागला. कुणीतरी गुलालाचं पोतं फोडलं आणि अण्णांना आपली मूठ रिकामी आहे हे सहन झालं नाही. त्यांनी माझी मांडी सोडून पोत्यात हात घातला. मी साडेपाच फुटांवरून डांबरी रस्त्यावर आलो, उजव्या हातावर. उसाचं कांडं मोडल्यासारखा आवाज झाला. हलगीत तो फक्त मलाच ऐकू आला.

“लागलं काय रं?” अण्णांनी वाकून विचारलं. आणि मूठ भरलेलीच होती, म्हणून ती माझ्या डोक्यावर रिकामी केली.

आम्ही काय जिंकलो होतो, तर फुटबॉलची सेमीफायनल. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच, आणि शहाणी तालीम सेमीफायनलला गुलाल उधळत नाही. पण आमच्या गुलमोहर तालमीनं चोवीस वर्षांत सेमीफायनलसुद्धा जिंकली नव्हती, त्यामुळं तिथं शहाणपण यायचं कुठून? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ती मिरवणूक. मी, दिगंबर इंगवले, गुलमोहरचा गोलकीपर, त्या मिरवणुकीचा नवरदेव. शेवटच्या मिनिटाला एक पेनल्टी अडवून मीच तो सामना काढून दिला होता. गुरुवारी संध्याकाळी मनगट मोडलं. रविवारी फायनल होती.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. अजूनही पेठेत कुणी पाहुणा आला की माझी ओळख करून देताना लोक चुकचुकतात. “एवढा मोठा गोलकीपर, पण फायनलला नशीब आडवं आलं बघा.” नशीब! आपल्याकडं एखाद्यानं हातातला माणूस सोडला तरी ते नशीबच असतं.

हाडांच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले. शंकरअण्णा तिथंही हजर होतेच.

“डॉक्टर, रविवारपुरतं काढून देता येईल काय? मॅच झाली की परत घाला.”

डॉक्टरनं अण्णांकडं असं बघितलं की मला त्या डॉक्टरबद्दल आदर वाटला. त्या आठवड्यात आदर वाटावा असा तो एकटाच माणूस भेटला.

मला काय गमवावं लागणार होतं, ते सांगायला हवं. आमच्या तालमीत मारुतीच्या समोरच्या भिंतीवर एकच फोटो होता, चौऱ्याहत्तर सालचा. चॅम्पियन संघाचा. तो काढताना म्हणे एक नगरसेवक मधोमध येऊन उभा राहिला आणि दोन खेळाडू कडेला जाऊन अर्धे कापले गेले. त्यातलाच एक म्हणजे आमचे वस्ताद आप्पा साळोखे. फोटोत त्यांचा एक कान आणि एक खांदा आहे. तेव्हापासून आप्पांनी नियम केला. फायनल जिंकली तर फोटो तिथंच मैदानावर, मळक्या कपड्यांत काढायचा, आणि त्या दिवशी ज्याच्या बुटाला माती लागली तोच त्यात उभा राहणार. राखीव खेळाडू नाहीत, सेक्रेटरी नाहीत, देणगीदार नाहीत. नियम एकदम कडक. फक्त तो लावायची वेळ चोवीस वर्षांत आली नव्हती.

मी चौदा सीझन गुलमोहरच्या गोलात उभा राहिलो होतो. गुडघे गेले होते. हे शेवटचं वर्ष, असं आप्पांना सांगूनही झालं होतं. चौदा वर्षं त्या भिंतीकडं बघत मी बूट बांधले होते. मला त्या फोटोत उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आणि आता माझ्या जागी तिथं धोंडीराम खोत उभा राहणार होता.

धोंडी आमचा दुसऱ्या नंबरचा गोलकीपर. बावीस वर्षांचा, भोगावतीकडच्या एका खेड्यातला. सकाळी डेअरीच्या टेम्पोवर क्लीनरचं काम करायचा आणि दुपारी त्याच टेम्पोतून सरावाला उतरायचा. अंगाला दुधाचा आंबूस वास. तीन वर्षं तो आमच्याकडं होता आणि तीन वर्षांत त्याला मी एकच काम दिलं होतं. सराव असो की सामना, माझ्या गोलामागं उभं राहायचं आणि बाहेर गेलेले बॉल आणून द्यायचे. त्यानं ते तक्रार न करता केलं. तक्रार न करणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हा कसलाही आदर नव्हता. चौदा वर्षं मी राबायचं आणि शेवटच्या दिवशी आयत्या बिळावर हा नागोबा.

शुक्रवारी मी आप्पांना गाठलं. ते तालमीच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते.

“आप्पा, मला शेवटची पाच मिनिटं तरी उतरवा. डाव्या हातानं उभा राहतो.”

“एका हाताचा गोलकीपर?” आप्पांनी वर बघितलंही नाही. “दिगू, हे काय लग्न हाय काय, एका हातानं हार घालायला?”

“मग फोटो?”

“नियम तुला ठाऊक हाय.”

“नियम तुम्ही केलाय. तुम्हीच मोडू शकता.”

“म्हणून तर मोडत नाही,” आप्पा म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली. म्हातारा अर्ध्या फोटोसाठी चोवीस वर्षं सगळ्या जगावर सूड उगवत होता, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

शनिवारी शेवटचा सराव होता. मी गळ्यात हात अडकवून गेलो, कारण घरी बसलो असतो तर पेठ सांत्वनाला आली असती. सराव संपल्यावर धोंडी माझ्याकडं आला. माझी पिवळी जर्सी त्याला दिली होती. ती त्याला ढगळ होत होती आणि त्यानं ती चड्डीत नीट खोचली होती, शाळेतल्या मुलासारखी.

“दिगूदा, वाईट झालं बगा.”

“तुझं तर बरं झालं.”

त्याला ते लागलं असावं, पण तो हलला नाही. “उद्याचं काय सांगायचं आसंल तर सांगा. मी कदी एवढ्या माणसांसमोर खेळलो न्हाई.”

फायनल झुंजार तालमीशी होती. झुंजारचा सेंटर फॉरवर्ड जमीर बागवान. त्याच्यासमोर मी दहा वर्षं खेळलो होतो. तो हेडरला कसा उठतो, कुठल्या पायानं हुलकावणी देतो, सगळं मला तोंडपाठ होतं. त्याची पेनल्टी तर मी झोपेतही सांगितली असती. गोलकीपरच्या उजव्या हाताला, खाली, खांबाला घासून. कायम. इतकी जोरात की कळूनही अडवता यायची नाही. मला सात मारल्या होत्या त्यानं, त्यातल्या दोनच मी अडवल्या.

हे सगळं मी धोंडीला पाच मिनिटांत सांगू शकलो असतो.

“बॉल हातानं धरायचा,” मी म्हणालो. “पायानं नाही. एवढं लक्षात ठेव.”

आजूबाजूची पोरं हसली. धोंडीही हसला. मग म्हणाला, “व्हय, ठेवतो.”

रविवारी चार वाजता सामना सुरू झाला. स्टेडियम काठोकाठ. एका बाजूला आमची पेठ, समोर झुंजारची, मध्ये पोलीस. मी बाकावर आप्पांच्या शेजारी बसलो होतो. आप्पांनीच बोलावलं होतं, “पोराला जरा धीर येईल,” म्हणून. शंकरअण्णा मागं उभे राहून दर मिनिटाला माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. त्या हाताची मला चांगली ओळख होती, म्हणून मी दर वेळी खांदा काढून घेत होतो.

विसाव्या मिनिटाला आम्ही गोल केला. पेठ नाचली. मी टाळी वाजवली नाही, पण हात मोडलेल्या माणसाला ते कोण विचारणार?

खरं सांगायचं तर तो गोल मला नको होता. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की आपल्याला वाईट वाटतंय ते न खेळल्याचं. आता कळलं की तसं नव्हतं. आम्ही जिंकलो असतो तर पेठेनं धोंडीला डोक्यावर घेतलं असतं आणि माझी चौदा वर्षं दोन महिन्यांत विसरून गेली असती. पण आम्ही हरलो असतो, आणि तेही गोलकीपरच्या चुकीनं, तर? तर जन्मभर प्रत्येक टपरीवर एकच वाक्य ऐकू आलं असतं. दिगू असता तर! तो फोटो मिळणार नव्हताच. मग निदान हे वाक्य तरी मिळावं, असं मला वाटायला लागलं. मारुती आमचा, तालीम आमची, आणि मी मनातल्या मनात झुंजारचा गोल मागत होतो.

आणि धोंडी काही चुकेना. त्याला स्टाइल नव्हती. तो उड्या मारत नव्हता, ओरडत नव्हता, केस मागं सारत नव्हता. बॉल यायच्या आधी तिथं जाऊन उभा राहायचा आणि बॉल त्याच्या पोटावर यायचा. जमीरचे दोन हेडर त्यानं असेच धरले.

“पोरगं चांगलं हाय की रं,” आप्पा पुटपुटले. “कुठं शिकलं हे?”

मी गळ्यातल्या झोळीची गाठ नीट केली.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या बॅकच्या हाताला गोलपुढच्या डीमध्ये बॉल लागला आणि रेफ्रीनं शिट्टी वाजवून पेनल्टीच्या ठिपक्याकडं बोट केलं. आमच्या पेठेतून शिव्यांचा लोट उठला. जमीरनं बॉल उचलला. जाता जाता त्यानं आमच्या बाकाकडं एक नजर टाकली, ती माझ्यावर क्षणभर थांबली आणि पुढं गेली. मग तो वाकून, पाठमोरा, बॉल ठेवायच्या नादाला लागला.

तेव्हा धोंडीनं माझ्याकडं बघितलं.

अर्ध्या मैदानापलीकडून, पण सरळ माझ्याकडं. आप्पांकडं नाही, कॅप्टनकडं नाही. दोन्ही तळवे किंचित उघडे. कुठं?

“दिगू,” आप्पांनी माझा गुडघा दाबला. “तुला ठाऊक असंल. सांग त्याला. लवकर सांग!”

त्या टोकाला उभं राहिल्यावर धोंडीचा उजवा हात पलीकडं, मोठ्या गॅलरीकडं येत होता. डावा हात आमच्या बाकाकडं. म्हणजे जमीर पलीकडं मारणार होता. मी डावा हात लांब करून गॅलरीकडं दाखवायचं, एवढंच काम होतं.

मी डावा हात वर केला आणि स्वतःकडं ओढला. इकडं. आमच्या बाकाकडं. एकदा नाही, दोनदा. त्याच्या ध्यानात राहावं म्हणून.

चुकून झालं नाही ते. घाईत, गोंधळात, हात दुखत होता म्हणून, यातलं काही नाही. मला शंभर टक्के ठाऊक होतं आणि मी उलटं दाखवलं. धोंडीनं मान हलवली. चुकीची बाजू सांगितल्याबद्दल त्यानं मला मान हलवून पावती दिली.

जमीर चार पावलं मागं गेला. शिट्टी झाली. तो धावत आला. धोंडीनं आमच्या बाकाकडं झेप घेतली, आणि बॉलही आमच्या बाकाकडं आला. खाली, खांबाला घासून. धोंडीच्या दोन्ही तळव्यांवर बसून तो कोपऱ्याबाहेर गेला.

मला काही समजायच्या आत शंकरअण्णांनी मागून मला मिठी मारली. “दिग्यानं सांगितलं! मी बघितलं डोळ्यांनी! दिग्यानं हात केला!” पेठेचा अर्धा भाग बाकामागंच होता. त्यांनीही बघितलं होतं. दिगूनं हात केला, ही बातमी मॅच संपायच्या आत स्टेडियमच्या दुसऱ्या टोकाला पोचली. सामना आम्ही एक-शून्यनं जिंकलो.

त्यानंतरची फजिती तर बघण्यासारखी होती. जिनं मला पाडलं ती पेठ मला पुन्हा खांद्यावर घ्यायला निघाली. मी प्लास्टर पुढं करून लाथा झाडल्या तेव्हा कुठं सुटलो. फोटोग्राफरनं तिवई लावली. चिखलानं माखलेले अकरा आणि दोन बदली असे तेराजण ओळीनं उभे राहिले. मी लांबच होतो. धोंडी रांग सोडून आला आणि त्यानं माझा डावा हात धरला.

“सोड,” मी म्हणालो. “माझ्या बुटाला माती नाही.”

“आप्पा!” धोंडी ओरडला. “दिगूदा न्हाईत तर मी बी न्हाई उभा राहणार.”

सगळे आप्पांकडं बघायला लागले. मला वाटलं, म्हातारा आता तरी नियमाला जागेल. एवढी एकच आशा होती. आप्पा आले, वाकले, मैदानातली चिमूटभर माती उचलली आणि माझ्या चपलेवर टाकली. पेठेनं टाळ्यांचा कडकडाट केला. काहीजण रडलेही. मला त्या सगळ्यांची एवढी किळस आली की मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं मीही रडतोय.

हात मिळवायला आलेल्या जमीरनं तर कळस केला.

“मान गये दिगूभाई! तुला बाकावर बघितलं आणि म्हटलं, ह्यानं माझी बाजू पोराला सांगितली असणार. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बाजू बदलली. तर तू ते पण ओळखलंस!”

आता तर मी नुसता गोलकीपर राहिलो नाही, अंतर्ज्ञानी झालो. जमीर प्रामाणिक माणूस. त्यानं ही गोष्ट गावभर सांगितली. ती आजही सांगतात, आणि माझ्या तोंडावर सांगतात.

सोमवारी सकाळी धोंडी घरी आला. टेम्पो खाली उभा करून, हातात खव्याची पुडी घेऊन. खुर्चीवर बस म्हटलं तरी तो उंबऱ्याजवळच टेकला. जिंकणारा गोलकीपर, आणि माझ्या दारात बसला होता क्लीनरसारखा. मला पुन्हा राग आला.

“वहिनींना द्या. घरच्या म्हशीचा हाय.” मग थोडा घुटमळून म्हणाला, “दिगूदा, एक इचारू? राग येणार न्हाई न्हवं?”

कळलंय ह्याला, असं वाटलं. आणि खरं सांगतो, बरं वाटलं. निदान एका माणसाला तरी कळलं असतं.

“विचार.”

“जमीरभाई कायम गोलकीपरच्या उजव्या हाताला मारतोय न्हवं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? तीन वर्सं तुमच्या गोलामागंच उभा हाय की मी. तुमच्यावर त्यानं चार मारल्या, चारी तिकडंच. बॉल मीच आणून दिलो.” तो हसला. “काल त्यो बॉल ठेवत हुता तवाच मी ठरिवलं हुतं, उजवीकडं जायाचं. पाय बी तसाच टाकला हुता.”

“मग?”

“मग तुमी इकडं हात केलासा.”

आतून बायकोनं कप मांडल्याचा आवाज आला. मी प्लास्टरवरचा गुलाल नखानं खरवडत होतो.

“म्हणजे तुला ठाऊक होतं,” मी म्हणालो. “डोळ्यांनी बघितलेलं होतं, तीन वर्षं. तरी माझं का ऐकलंस?”

त्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं दोनदा माझ्या तोंडाकडं बघितलं, मी थट्टा करतोय की काय म्हणून.

“तुमी सांगितल्यावर,” तो म्हणाला, “आणि माझं डोकं कशाला चालवू?”

पुढच्या सीझनपासून मी मैदानावर पाय ठेवला नाही. तालमीतही गेलो नाही. फायनल हुकल्याचं दिगूनं फार मनाला लावून घेतलं, असं पेठेत म्हणतात. पेठेतल्या लोकांना अजून काही म्हणजे काही कळत नाही.